आफ्टर इफेक्ट्सचं रेंडर आणि मल्टी-कोअर प्रोसेसर : सारखे सारखे येणारे प्रश्न

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक जवळ आली, नाहीतर गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आले, की बेळगावात जो जो आफ्टर इफेक्ट्सवर (ॲडोबीचं व्हिडिओ ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, थोडक्यात एई) बसतोय त्याचा रात्री अकराला मेसेज ठरलेला, "रेंडरला पाच तास दाखवायलंय, काय करू सांगा". रेंडर म्हणजे केलेल्या कामाचा शेवटचा व्हिडिओ कॉम्प्युटरकडून काढून घेणं. मग लग्नसराईत टीझरवाले, फेस्टच्या वेळी इंजिनिअरिंगची पोरं, उद्यमबागेतल्या मशीन शॉपला प्रॉडक्ट ॲनिमेशन करून देणारे, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे फोटो स्टुडिओवाले. प्रश्न तेच, माणसं वेगळी. जे परत परत आले तेवढे इथं लिहिलेत, नंबर घातलेत म्हणजे एकातून दुसरीकडं जायला बरं. क्रॅक व्हर्जनबद्दल विचारू नका, त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

१. दुकानदार म्हणतोय १२ कोअर, बॉक्सवर लिहिलंय ६. खरं कोण?

बॉक्स. दुकानदार थ्रेड मोजतोय. इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० घ्या, त्यात ६ कोअर आणि १२ थ्रेड. कोअर म्हणजे खरंखुरं काम करणारा भाग, आणि हायपरथ्रेडिंग म्हणजे त्या एकाच कोअरपुढं कामाच्या दोन रांगा, एक रांग मेमरीतून डेटा यायची वाट बघत थांबली की कोअर दुसऱ्या रांगेतलं उरकतोय. त्यामुळं १२ थ्रेड म्हणजे ६ कोअरच्या दुप्पट स्पीड नव्हे, थोडं जास्त काम निघतंय एवढंच. २०२१ च्या शेवटी आलेल्या १२व्या जनरेशनपासून इंटेलनं अजून घोळ घातलाय, मोठे कोअर वेगळे आणि छोटे वेगळे. आय-नाइन १३९००के मध्ये ८ मोठे नि १६ छोटे, मोठ्यांना दोन-दोन थ्रेड, छोट्यांना एकेक, म्हणून २४ कोअर आणि ३२ थ्रेड. आकडा मोठा दिसतोय म्हणून सगळे सारखे समजू नका.

२. आफ्टर इफेक्ट्स सगळे कोअर वापरतंय का नाही? कोण हो म्हणतंय, कोण नाही म्हणतंय.

दोघंही बरोबर असतात, व्हर्जनवर आहे. पूर्वी 'रेंडर मल्टिपल फ्रेम्स सायमल्टेनियसली' म्हणून सोय होती, ती मागच्या मागं आफ्टर इफेक्ट्सच्याच अजून कॉप्या उघडून त्यांना फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) वाटून द्यायची. सीसी २०१५ मध्ये ॲडोबीनं आतली रचना बदलली आणि ही सोय काढून टाकली. त्यामुळं कितीतरी लोकांनी फक्त रेंडरसाठी जुनं २०१४ ठेवलं होतं. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हर्जन २२ आलं आणि मल्टी-फ्रेम रेंडरिंग आलं. मधल्या सहा वर्षांत ज्यानं हे सॉफ्टवेअर शिकलं तो आजही ठामपणे सांगतोय की "एई एकच कोअर वापरतंय". त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

मल्टी-फ्रेम म्हणजे काय, तर एक फ्रेम फोडून आठ कोअरना देत नाहीत, आठ वेगवेगळ्या फ्रेम एकदम चालू करतात. ३० सेकंदाचं कॉम्प (एईमधली एक टाइमलाइन) २५ च्या फ्रेमरेटनं, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम, त्या एकीमागून एक न करता गठ्ठ्यानं. हे एवढं डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

३. चालू कुठून करायचं? सगळा १०० टक्के सीपीयू देऊन टाकू काय?

प्रेफरन्सेसमध्ये मेमरी अँड परफॉर्मन्स, तिथं एनेबल मल्टी-फ्रेम रेंडरिंगवर टिक. शेजारी दुसऱ्या ॲप्लिकेशनसाठी किती टक्के सीपीयू राखायचा तो आकडा असतोय. रेंडर लावून झोपणार असाल तर शून्य ठेवा. रेंडर चालू ठेवून त्याच पीसीवर फोटोशॉपमध्ये बॅनर करणार असाल तर १०-२० ठेवा, नाहीतर माउससुद्धा अडखळत चालतोय. रॅम राखायचा आकडा तिथंच आहे, त्याला मात्र शून्याजवळ नेऊ नका, विंडोजला श्वास घ्यायला जागा लागते.

४. टिक केलंय, तरी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १२ टक्केच. फसवलं काय की आमाला?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी तो १२ आकडा वाचायला शिका. तुमचे ८ थ्रेड असतील तर १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. म्हणजे तुमचा एक थ्रेड पूर्ण भरलाय आणि सात जण हातावर हात ठेवून बसलेत. १२ थ्रेडच्या मशीनवर हाच आकडा ८ च्या आसपास दिसतोय, १६ ला ६ च्या आसपास. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडा, प्रत्येकाचा वेगळा डबा दिसेल. एकच डबा वर आणि बाकी जमिनीवर असेल तर कुठंतरी एकानंच करायचं काम अडलंय. सगळेच थोडे थोडे वरखाली होत असतील तर कोअर रिकामे नाहीत, ते कशाची तरी वाट बघायलेत, रॅमची, डिस्कची नाहीतर ग्राफिक कार्डची.

टिळकवाडीचं रेल्वे गेट आठवा. अलीकडं रस्ता केवढाही रुंद करा, गेट पडलं की सगळे तिथंच. गेट कुठलं ते शोधायचं असतंय, रस्ता रुंद करून उपयोग नाही.

मी कुठल्या क्रमानं शोधतो ते सांगतो. पहिल्यांदा रेंडर क्यूच्या (एईमध्ये रेंडरची कामं लावायची यादी) पॅनेलमध्ये एकावेळी किती फ्रेम चालल्यात तो आकडा बघतो. एक-दोनच असतील तर रॅम किंवा व्हीआरॅम (ग्राफिक कार्डची स्वतःची मेमरी) कमी पडायलंय, प्रश्न ५ आणि ८ बघा. फ्रेम भरपूर चालल्यात पण सीपीयू झोपलाय असं असेल तर एखादा इफेक्ट सगळ्यांना लायनीत उभं करायलाय, प्रश्न १०. तेही नसेल तर फुटेज, प्रश्न १३. हे सगळं बघून झाल्यावरच प्रोसेसर बदलायचा विचार.

आणि हो, रेंडरच्या सुरुवातीला लगेच निकाल देऊ नका. एई आधी थोड्या फ्रेम काढून अंदाज घेतंय आणि मग एकावेळच्या फ्रेम वाढवतंय. दहा सेकंदाच्या कॉम्पला तो अंदाज घेईपर्यंत काम संपलेलं असतंय.

५. रॅम किती टाकू? १६ जीबी पुरत नाही म्हणतात, खरं काय?

हिशेब करूया, मग मला विचारायची गरज पडणार नाही. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला ८ बिटमध्ये ४ बाइट, झाले ८२ लाख ९४ हजार ४०० बाइट, म्हणजे ८ एमबी धरा. प्रोजेक्ट १६ बिट केलं की १६ एमबी, ३२ बिट केलं की ३३. फोर-के केलं की या सगळ्याला गुणिले ४. आता ही एका चित्राची एक प्रत झाली, आणि एका फ्रेममध्ये ब्लर, ग्लो, मास्क, प्रीकॉम्प (कॉम्पच्या आत घातलेलं कॉम्प) अशा कितीतरी मधल्या प्रती तयार होत असतात. वर मल्टी-फ्रेममध्ये अशा आठ फ्रेम एकदम. म्हणून जेवढे कोअर जास्त तेवढी रॅम जास्त लागते. सगळ्यांचं चुकतंय ते इथं, प्रोसेसर १६ कोअरचा घेतात आणि रॅम १६ जीबीच ठेवतात, मग एई बिचारं दोन-तीनच फ्रेम चालवतंय आणि शिव्या प्रोसेसरला.

टीझरवाल्यांसाठी खास. तुमचा २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतोय. डिस्कवर तो ८-१० एमबीची जेपेग, पण एईमध्ये उघडला की ६००० गुणिले ४००० गुणिले ४, म्हणजे ९६ एमबी. असे तीस फोटो सरळ टाइमलाइनवर ओढले तर जवळजवळ २.९ जीबी फक्त फोटोच. फुल एचडीच्या कामाला २४०० पिक्सेल रुंद केलेला फोटो झूम करायलासुद्धा पुरतोय आणि तो १५ एमबीत बसतोय. फोटोशॉपमध्ये ॲक्शन लावून पाच मिनिटात सगळे लहान करता येतात. फुकटातली रॅम आहे ही.

माझं मत म्हणाल तर ६-८ कोअरला ३२ जीबी, १२-१६ कोअरला ६४. आणि ३२ घ्यायची तर १६ च्या दोन काड्या घ्या, एकच मोठी काडी नको, दोन असल्या की ड्युअल चॅनेलनं चालतात.

६. ८ कोअर काढून १६ कोअर घातला तर निम्म्या वेळात होणार काय?

नाही. आणि हे नाही का ते जीन ॲमडाल नावाच्या इंजिनिअरनं १९६७ मध्येच मांडून ठेवलंय, त्याला ॲमडालचा नियम म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गावात महालक्ष्मीची यात्रा आहे, भाकरी करायच्यात, थापायला आठ बायका बसल्यात, पण पीठ मळून द्यायला एकटी काकू. थापणाऱ्या सोळा केल्या तरी काकूच्या हाताला दोनाचे चार होत नाहीत.

आकड्यात बघा. समजा एका कोअरवर तुमचं रेंडर ६० मिनिटं घेतंय, त्यातली ४५ मिनिटं वाटून देता येणारं काम आणि १५ मिनिटं एकानंच करायचं, जसं की प्रोजेक्ट वाचणं, फाइल एन्कोड करून लिहिणं, लायनीत उभं करणारे इफेक्ट. ८ कोअरवर १५ अधिक ४५ भागिले ८, म्हणजे साधारण साडेवीस मिनिटं. १६ कोअरवर १५ अधिक ४५ भागिले १६, म्हणजे पावणेअठरा. कोअर दुप्पट केले आणि वाचली पावणेतीन मिनिटं. शंभर कोअर घातले तरी पंधराच्या खाली जाणार नाही. तेच ती १५ मिनिटं कमी करून ५ वर आणली, तर आहे त्या ८ कोअरवरच साडेदहा मिनिटात सगळं. काकूला मदतीला बसवा, बाकीच्या पुरेशा आहेत.

हा ४५-१५ चा वाटा मी समजायला घेतलाय, प्रत्येक प्रोजेक्टचा वेगळा असतोय.

७. मग कुठला प्रोसेसर घेऊ ते सरळ सांगा की ओ.

रोजचं काम लग्न, मंडळ, रील असेल तर ६ ते ८ मोठे कोअर, जास्त क्लॉक (एकेका कोअरचा स्पीड), आणि उरलेले पैसे रॅममध्ये नि एका एनव्हीएमई एसएसडीत, म्हणजे फास्ट डिस्कमध्ये. कारण टाइमलाइनवर काम करताना, एक्सप्रेशन (लेयर हलवायला लिहिलेला छोटा कोड) चालताना, लेयर ओढताना एका कोअरचाच स्पीड कामाला येतोय, आणि दिवसातला जास्त वेळ आपण तेच करतोय, रेंडर नव्हे. रोज तासन्‌तास रेंडर लागत असेल, किंवा थ्रीडी पण करत असाल, तर १२-१६ कोअरचे पैसे वसूल होतात. मॉडेल नंबर विचारू नका, लिहून ठेवला की सहा महिन्यात शिळा होतोय. जुना चार कोअरचा आय-सेव्हन असणाऱ्यांना मात्र नवा सहा कोअरचा आय-फाइव्ह घेतला तरी जमीन-अस्मानाचा फरक दिसेल, नावातल्या सातावर जाऊ नका.

८. ग्राफिक कार्ड टाकलं, रेंडरमध्ये काहीच फरक नाही. कार्ड खराब आहे काय?

कार्ड बरोबर आहे. एईमध्ये ठरावीक इफेक्टच कार्डवर चालतात, गॉशियन ब्लर, लुमेट्री, लेव्हल्स असले. बाकी सगळं प्रोसेसरवर. तुमच्या प्रोजेक्टमध्ये नुसते शेप, टेक्स्ट आणि एक्सप्रेशन असतील तर कार्ड बसूनच राहणार. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये मर्क्युरी जीपीयू (म्हणजे काम कार्डवर चालवा) निवडलंय ना ते एकदा बघा.

आता उलटा प्रकार. आठ फ्रेम एकदम चालल्या की आठही जणी त्या एकाच कार्डाच्या दारात येतात. व्हीआरॅम ४ जीबी असेल आणि काम फोर-के असेल तर एई एकावेळच्या फ्रेम कमी करतंय, नाहीतर सरळ मेमरीची एरर देतंय. अशा वेळी मर्क्युरी सॉफ्टवेअर ओन्ली करून एकदा शंभर फ्रेमची टेस्ट घ्या. कोअर भरपूर आणि कार्ड लहान असलं तर कधीकधी तेच फास्ट निघतंय. ऐकायला विचित्र आहे, पण करून बघा.

९. कुठली लेयर वेळ खातेय ते कसं ओळखायचं? एकेक डोळा बंद करून बघत बसलोय.

व्हर्जन २२ पासून टाइमलाइनच्या खाली गोगलगायीचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की रेंडर टाइमचा कॉलम येतोय. त्या फ्रेमला कुठल्या लेयरनं, कुठल्या इफेक्टनं किती वेळ घेतला ते लिहूनच येतंय. बहुतेक वेळा एकच लेयर दोषी निघते. आणि ती बहुतेक वेळा ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या सगळ्या लेयरना एकदम इफेक्ट देणारी) असते, शेवटी "जरा चमक यावी" म्हणून टाकलेली. मोशन ब्लर पण बघून घ्या, कॉम्पोझिशन सेटिंग्जमध्ये सॅम्पल १६ आणि अडॅप्टिव्ह लिमिट १२८ हे मुळातलं असतंय, कुणीतरी ट्युटोरियल बघून वाढवून ठेवलेलं असेल तर परत खाली आणा.

१०. काही इफेक्टच्या नावाशेजारी वॉर्निंगचं चिन्ह येतंय. काढून टाकू काय तो इफेक्ट?

ते चिन्ह म्हणजे हा इफेक्ट मल्टी-फ्रेमसाठी तयार केलेला नाही. चालतो, पण एकावेळी एकाच फ्रेमला आत घेतो, बाकीच्या बाहेर थांबतात. एका छोट्या लेयरवर असेल तर सोडून द्या. मुख्य लेयरवर असेल तर तीन मार्ग. प्लगइनचं नवीन व्हर्जन आलंय का बघा, कितीतरी कंपन्यांनी नंतर सुधारणा केली. नाहीतर त्याच कामाचा एईमधला स्वतःचा इफेक्ट शोधा. नाहीतर ती लेयर एकदा प्रीरेंडर करून, म्हणजे आधीच वेगळी रेंडर करून, प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये अल्फासकट (पारदर्शक भागासकट) काढून घ्या आणि तीच वापरा, म्हणजे टायटलमधलं स्पेलिंग क्लायंटनं चौथ्यांदा बदललं तरी ती जड लेयर परत करावी लागत नाही.

पार्टिकलचं दुखणं वेगळं. गुलाल उधळल्याचं सिम्युलेशन असेल तर २०० व्या फ्रेमला कण कुठं आहेत ते आधीच्या १९९ फ्रेम काढल्याशिवाय कळत नाही. अशी कामं स्वभावानंच एकामागोमाग एक, तिथं कोअर वाढवून देव पावत नाही. प्रीरेंडर करा.

११. ब्लेंडरमध्ये सगळे कोअर १०० टक्के जातात, मग एईला काय धाड भरली?

कामाचा प्रकार वेगळा आहे. ब्लेंडरचं सायकल्स इंजिन प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशाचे किरण सोडतंय, एका पिक्सेलला शेजारच्याशी काही घेणंदेणं नाही, म्हणून सगळ्यांना वाटून मोकळं. एईमध्ये लेयर खालून वर रचत जायची, खालचं झाल्याशिवाय वरचा ब्लर कसा होणार? म्हणून तर एका फ्रेमच्या आत फोडाफोडी न करता फ्रेमच वाटून द्यायचा मार्ग त्यांनी घेतला. सिनेबेंचचा (प्रोसेसरचा स्पीड मोजायची थ्रीडी रेंडरची टेस्ट) स्कोर बघून एईसाठी पीसी घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

१२. मीडिया एन्कोडरला पाठवू का रेंडर क्यूतच काढू?

रेंडर चालू असताना एईमध्ये काम करायचं असेल तर एन्कोडर (ॲडोबीचंच फाइल काढून द्यायचं वेगळं सॉफ्टवेअर), कारण रेंडर क्यू चालू झाला की एई अडकून बसतंय. घाई असेल, रात्रीची डिलिव्हरी असेल, तर रेंडर क्यू. पूर्वी एच.२६४ (नेहमीच्या एमपीफोर व्हिडिओचा फॉरमॅट) काढायला एन्कोडरला जावंच लागायचं, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जन २३ आलं तेव्हापासून ते परत रेंडर क्यूत मिळतंय. मोठ्या कामाला मी तरी सरळ एमपीफोर काढत नाही, का ते प्रश्न १७ मध्ये.

१३. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ टाकला की सगळं रांगायला लागतंय. लेयर तर दोनच आहेत.

लेयर दोन आहेत पण फाइल गुंडाळलेली आहे. मोबाइलचं एच.२६४ किंवा एचईव्हीसी फुटेज प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधे फक्त बदल. ४७ वी फ्रेम पाहिजे असेल तर मागच्या पूर्ण फ्रेमपासून उलगडत यावं लागतंय. मल्टी-फ्रेममध्ये आठ जण आठ वेगळ्या ठिकाणाहून एकदम मागायला लागले की काय होत असेल विचार करा. वरून मोबाइलचा फ्रेमरेट कधी २९, कधी ३० असा हलता, त्यानं आवाज पण मागंपुढं होतोय. एन्कोडरमध्ये सगळं फुटेज एकदा २५ किंवा ३० फ्रेमरेट फिक्स करून प्रोरेस ४२२ मध्ये बदलून घ्या. फाइल मोठ्या होतात, म्हणून एसएसडी. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असतेय, जो तो आपली उचलून घेऊन जातोय.

१४. आमच्याकडं २०२० चं व्हर्जन आहे, पीसी जुना आहे, नवीन चालणार नाही. काही जुगाड?

आहे. एईबरोबर एईरेंडर म्हणून एक छोटा प्रोग्राम येतोय, सपोर्ट फाइल्सच्या फोल्डरमध्ये, तो काळ्या कमांड विंडोतून चालतोय आणि एई न उघडता रेंडर काढतोय. प्रोजेक्टचं रेंडर सेटिंग 'स्किप एक्झिस्टिंग फाइल्स' करा, आउटपुट इमेज सीक्वेन्स ठेवा, आणि एकाच प्रोजेक्टवर दोन-तीन एईरेंडर खिडक्या एकदम चालू करा. पहिलीनं घेतलेली फ्रेम दुसरी सोडून पुढची घेते. २०१५ ते २०२१ मध्ये जगानं असंच काम काढलं, रेंडरगार्डन आणि बीजी रेंडरर मॅक्स ही टूल्स साधारण हेच काम सोपं करून देतात. प्रत्येक खिडकी वेगळी रॅम खाते, १६ जीबीवर दोनच्या पुढं जाऊ नका. आणि नव्या व्हर्जनमध्ये मल्टी-फ्रेम चालू असताना हा जुगाड त्यावर अजून चढवू नका, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

१५. दुकानात तीन पीसी आहेत, तिघांना मिळून एकच रेंडर देता येतंय काय?

येतंय. प्रश्न १४ चीच पद्धत, फक्त खिडक्यांऐवजी पीसी. प्रोजेक्ट 'कलेक्ट फाइल्स' करून शेअर फोल्डरमध्ये ठेवा, रेंडर सेटिंगमध्ये मल्टी-मशीन निवडा, आउटपुट पण शेअर फोल्डरमध्येच, आणि तिन्हीकडून चालू करा. गिगाबिट लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी, वायफायवर हे करायला जाऊ नका.

आपल्याकडची खास अडचण फॉन्टची. एका पीसीवर मराठी टायटलला श्रीलिपी, दुसऱ्यावर फक्त कन्नडसाठी नुडी, तिसऱ्यावर दोन्ही नाहीत. फॉन्ट नसला की एई दुसराच लावून पुढं जातंय, आणि मग व्हिडिओत दर तिसऱ्या फ्रेमला अध्यक्षांचं नाव आडवंतिडवं. मी एकदा अख्खी रात्र असं रेंडर काढलंय आणि सकाळी मंडळाच्या ऑफिसात सगळ्यांसमोर लावलंय, त्यामुळं सांगायलोय. टेक्स्ट लेयर आउटलाइन करून टाका, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच मिटतो. प्लगइन आणि एईचं व्हर्जन तिन्हीकडं सेम पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

१६. असं दोन-तीन खिडक्यांत नाहीतर पीसींवर वाटून रेंडर काढल्यावर मधल्या काही फ्रेम काळ्या येतात नाहीतर उघडतच नाहीत.

एखादी फ्रेम सुरू करताना एई त्या नावाची रिकामी फाइल आधी ठेवतंय, "ही माझी" म्हणून, जसं एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात. तेवढ्यात तो पीसी बंद पडला तर रुमाल तसाच राहतो आणि बाकीचे ती सीट भरली म्हणून पुढं जातात. फोल्डर साइजप्रमाणे लावा, ० केबीच्या फाइल काढून टाका, रेंडर परत चालू करा. तेवढ्याच फ्रेम काढून दोन मिनिटात थांबेल.

१७. निम्म्यावर करंट गेला, चार तासाचं रेंडर पाण्यात. आणि यूपीएस असून पण बंद पडला!

दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला, सरळ एमपीफोर काढला आणि मधे बंद पडलं तर फाइल सहसा उघडतच नाही, म्हणजे सगळं पहिल्यापासून. पीएनजी किंवा टिफची सीक्वेन्स काढली तर ६०० फ्रेम झाल्या असतील त्या तशाच राहतात, ६०१ पासून पुढं. नंतर सीक्वेन्स परत इम्पोर्ट करून ऑडिओ लावून एमपीफोर करायला काही मिनिटं. पीएनजीला दाबून बसवायला वेळ लागतोय, डिस्कवर जागा असेल तर टिफ बरं.

दुसरा, यूपीएस. बाजारातल्या साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतंय. आय-फाइव्ह १२४०० जोरात चालला तर ११७ वॅटपर्यंत, आरटीएक्स ३०६० कार्ड १७० पर्यंत, झाले २८७, वर मदरबोर्ड, डिस्क, पंखे, मॉनिटर. काठावर आलं. आय-नाइन १३९००के एकटाच २५३ पर्यंत जातोय, तो आणि हे कार्ड मिळून ४२३, म्हणजे करंट गेला त्याच क्षणी यूपीएस हात वर करणार. ब्राउझर चालू असताना दहा मिनिटं टिकतोय म्हणून रेंडरला टिकेल असं नाही. कोअर वाढवताना यूपीएसचा खर्च धरा, आणि दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी असेल तर ती आधी बदला.

१८. लॅपटॉपवर पहिली पाच मिनिटं फास्ट, नंतर स्लो. व्हायरस?

उष्णता. सगळे कोअर एकदम तापले की प्रोसेसर स्वतःच क्लॉक खाली आणतोय. चार्जर लावलेला पाहिजे, पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्स, मागून उचलून ठेवा, आणि एकदा उघडून धूळ काढून घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी लावण्यापेक्षा रात्री लावा. गादीवर ठेवून रेंडर लावणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

१९. नवीन भारी पीसी, पण रेंडर लावलं की कधीही क्रॅश. प्रोजेक्ट तर मित्राकडं नीट चालतंय.

प्रोसेसर इंटेलचा १३वी किंवा १४वी जनरेशनचा डेस्कटॉपवाला आहे काय? त्यातल्या जास्त पॉवरच्या मॉडेल्समध्ये व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसर अस्थिर होतोय हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती, बायोस अपडेटमधून येते) काढला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करून घ्या. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटनं बरा होत नाही, वॉरंटीत द्यायचा. ते नसेल तर बायोसमधली रॅमची एक्सएमपी सेटिंग (रॅम जास्त स्पीडनं चालवायची) बंद करून एकदा रेंडर काढून बघा.

२०. मंडळवाले म्हणतात एलईडी वॉलला फोर-केच पाहिजे. माझा पीसी रडायलाय. काय करू अण्णा?

आधी वॉल मोजा. मिरवणुकीत नि स्टेजवर लागणारी पी ३.९ ची (दोन पिक्सेलमध्ये ३.९ मिलिमीटर) वॉल असेल तर तिचं एक पॅनेल अर्धा मीटर बाय अर्धा मीटर आणि त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल. वीस फूट बाय दहा फुटाची वॉल म्हणजे आडवे १२, उभे ६ पॅनेल. १२ गुणिले १२८ म्हणजे १५३६, ६ गुणिले १२८ म्हणजे ७६८. सगळे मिळून ११ लाख ७९ हजार पिक्सेल. फोर-केमध्ये असतात ८२ लाख ९४ हजार. तुम्ही रात्रभर जे रेंडर काढताय त्यातल्या दर सात पिक्सेलमधला एकच त्या वॉलवर दिसणार आहे, बाकीचे सहा पिक्सेल एलईडीवाल्याच्या प्रोसेसर बॉक्समध्येच गाळले जाणार. १५३६ बाय ७६८ चं कॉम्प करा, रॅम पण सातपट कमी लागेल, म्हणजे एकावेळी जास्त फ्रेम चालतील, म्हणजे प्रश्न ४ मधले झोपलेले कोअर पण उठतील.

पोस्टपोन करू नका, काम घेतानाच एलईडीवाल्याला फोन लावा. तो पण "फोर-के" असंच म्हणेल. त्याला फक्त विचारा, पॅनेल आडवे किती, उभे किती, आणि एका पॅनेलमध्ये पिक्सेल किती. मंडळाला सांगायची भीती वाटत असेल तर सांगू नका, फाइलच्या नावात 'फायनल' लिहून द्या, रिझोल्यूशन आजपर्यंत कुणी उघडून बघितलेलं नाही.